फोन म्हणतो 'अप टू डेट', भाचा म्हणतो 'बाद'

प्रश्न : २०२० च्या दिवाळीत मी मध्यम किमतीचा एक अँड्रॉइड फोन घेतला. तो पडला नाही, भिजला नाही, बॅटरीही अजून दिवसभर निघते. अँड्रॉइड ११ वर येऊन तो थांबला आहे. अपडेट बघायला गेले की 'युअर सिस्टिम इज अप टू डेट' असे येते. भाचा आयटीत आहे, तो म्हणतो, 'मावशी, हा फोन बाद झाला. त्याच्यावर बँकेचं काही करू नकोस.' यातले खरे काय? जुन्या फोनला अपडेट येणे बंद का होते? कंपन्या मुद्दाम करतात का? अपडेट टाकले की फोन मंद होतो म्हणतात, तेही खरे का? आणि नवा घ्यायचाच झाला तर काय बघून घ्यावा?
– एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : बाई, दोघेही खरेच बोलताहेत, फक्त उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची देताहेत.

अपडेट तपासायचे बटण दाबले की तुमचा फोन कंपनीच्या सर्व्हरला आपले मॉडेल आणि आत्ताच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक कळवतो आणि विचारतो, माझ्यासाठी याहून नवे काही आहे का? सर्व्हर म्हणतो, नाही. एवढ्यावर फोन 'अप टू डेट' ठरतो. काल रात्री ताजे अपडेट घेतलेल्या फोनला हेच उत्तर मिळते आणि कंपनीने दोन-तीन वर्षांपूर्वी यादीतून काढून टाकलेल्या फोनलाही हेच. 'या मॉडेलला आता अपडेट मिळणार नाहीत' असे सरळ वाक्य तिथे दाखवायला काहीही अवघड नाही. बहुतेक फोनांवर ते दिसत नाही, याबद्दल माझा कंपन्यांवर राग आहे आणि तो या उत्तरात अधूनमधून डोकावेल.

खरी माहिती दुसरीकडे मिळते. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडा. काही फोनांत हीच माहिती 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन' या नावाखाली असते. तिथे 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' अशी ओळ आणि तिच्यासमोर एक तारीख दिसेल. ती तारीख म्हणजे तुमच्या फोनची भोके शेवटची कधी बुजवली त्याची नोंद. तारीख साधारणपणे महिन्याची १ किंवा ५ असते आणि हा फरक उगाच नाही. १ तारखेच्या हप्त्यात अँड्रॉइडच्या स्वतःच्या दुरुस्त्या असतात. ५ तारखेच्या हप्त्यात त्यांच्या जोडीला फोनच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलच्या आणि चिप बनवणाऱ्यांच्या दुरुस्त्याही येतात. ही तारीख दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर फोनकडे कुणाचे तरी लक्ष आहे. २०२२ किंवा २०२३ मधली असेल तर भाच्याचे म्हणणे मान्य करावे लागेल.

त्याच पानावर बहुधा 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी आणखी एक ओळ असेल आणि तिची तारीख पहिलीपेक्षा बरीच अलीकडची असू शकेल. ती कशी, ते पुढे सांगतो. व्हर्जनचा आकडा मात्र या सगळ्यात कमी महत्त्वाचा. अँड्रॉइड १६ वर असलेल्या फोनचा पडदा देखणा असेल, पण ११ वर असूनही दुरुस्त्या मिळत राहिल्या असत्या तर मी तुम्हाला खुशाल वापरा म्हटले असते. अडचण अशी की गूगल या दुरुस्त्या मोजक्याच व्हर्जनांसाठी काढते. २०२४ च्या सुरुवातीनंतर गूगलच्या मासिक सुरक्षा बुलेटिनांतून ११ चे नाव गेले. मार्च २०२५ नंतर १२ चेही गेले.

आता अपडेट का थांबते ते. इथे बहुतेक लोक फोनवर ज्या कंपनीचे नाव असते तिला शिव्या घालून मोकळे होतात. त्या शिव्या अर्ध्याच योग्य जागी पडतात. गूगल दरवर्षी अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढते, ती कुणालाही घेता येईल अशी खुली असते. पण ती तशीच उचलून फोनमध्ये टाकता येत नाही. फोनमधला कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स, बोटाचा ठसा वाचणारा तुकडा, या सगळ्यांना चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांना ड्रायव्हर म्हणतात. त्यांतले महत्त्वाचे ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेक अशांकडून यावे लागतात. चिपवाल्याने नव्या अँड्रॉइडसाठी ड्रायव्हर दिले नाहीत की फोनवाल्याचे घोडे अडते. फोनच्या खोक्यावर चिपवाल्याचे नाव असले तर कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पण फोनचे आयुष्य किती, हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे गॅलेक्सी नेक्सस. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये हा फोन आला. बनवला सॅमसंगने, पण नेक्सस ही गूगलची स्वतःची मालिका, आणि नेक्सस घेण्यामागचे कारणच हे की अपडेट सगळ्यांत आधी मिळणार. ३१ ऑक्टोबर २०१३ ला अँड्रॉइड ४.४ म्हणजे किटकॅट जाहीर झाले, आणि दोन वर्षेही पुरी न झालेल्या गॅलेक्सी नेक्ससला ते मिळणार नाही असे गूगलने सांगून टाकले. कारण दिले की अठरा महिन्यांची मुदत उलटली. या फोनमधली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची होती आणि त्या कंपनीने तोवर मोबाइल चिपच्या धंद्यातून अंग काढून घेतले होते. मागे राहिलेल्या चिपसाठी ड्रायव्हर कोण लिहीत बसणार? मग हौशी प्रोग्रॅमरांनी घरी बसून त्याच फोनवर किटकॅट चालवून दाखवले. म्हणजे यंत्रात दम होता, ते सांभाळायला माणूस उरला नव्हता.

उलट टोकाचे उदाहरण ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन या छोट्या कंपनीचे. तिचा फेअरफोन २ डिसेंबर २०१५ मध्ये अँड्रॉइड ५ घेऊन बाजारात आला. त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१ ही चिप होती आणि अँड्रॉइड ६ नंतर क्वालकॉमने तिच्यावरून हात काढला. सोनीचा एक्सपिरिया झेड३ याच चिपवर चालायचा. अँड्रॉइड ७ च्या चाचणीत तो सामील होता, पण अंतिम आवृत्ती काही त्याला लाभली नाही. फेअरफोनने मात्र हट्ट धरला. चिपवाल्याच्या मदतीशिवाय, खुल्या सॉफ्टवेअरच्या हौशी मंडळींच्या कामाचा आधार घेत त्यांनी आधी ७, मग ९ आणि शेवटी १० त्या फोनवर आणून पोचवले. आणि नुसते चालवून भागत नाही. गूगलचे प्ले स्टोअर अधिकृतपणे हवे तर लाखांच्या घरात जाणाऱ्या स्वयंचलित चाचण्या पास व्हाव्या लागतात. शेवटी मार्च २०२३ मध्ये, सात वर्षांहून अधिक सेवा देऊन त्यांनी या फोनची अपडेट थांबवली. ज्या सोनीला जमले नाही ते एका चिमुकल्या कंपनीने केले, यावरून काय अशक्य होते आणि काय फक्त परवडत नव्हते याचा अंदाज येतो.

मग मुद्दाम करतात का? मला त्यात कट दिसत नाही, अनास्था दिसते. फोन विकला की कंपनीचे पैसे वसूल झाले. त्यानंतरचे प्रत्येक अपडेट म्हणजे खर्च. एकेक कंपनी वर्षाला डझनावारी मॉडेल काढते आणि प्रत्येक मॉडेलसाठी ते काम वेगळे करावे लागते. ॲपल दरवर्षी थोडीच मॉडेल काढते, चिपही तिची आणि सॉफ्टवेअरही तिचेच. शिवाय जुना आयफोन वापरणाराही ॲप स्टोअरमध्ये पैसे खर्चतच असतो. म्हणून २०१३ चा आयफोन ५एस आयओएस ७ वरून १२ पर्यंत गेला, आणि पुढे नव्या आवृत्त्या थांबल्या तरी जानेवारी २०२३ मध्ये १२.५.७ ही सुरक्षा दुरुस्ती त्याला मिळाली. सवा नऊ वर्षे! पण तो फोन तेव्हा ज्या किमतीला मिळायचा, त्या किमतीत आपल्याकडे घरातल्या चौघांचे फोन आले असते, हेही खरे.

स्वस्त फोनांना अपडेट मिळावीत म्हणून गूगलने एक प्रयोग थेट भारतातूनच सुरू केला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत 'अँड्रॉइड वन' जाहीर झाले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे फोन, आतला सांगाडा जवळपास एकच, चिप मीडियाटेकची, किंमत साडेसहा हजारांच्या आत आणि दोन वर्षे अपडेट गूगलकडून. किटकॅटवर आलेल्या त्या फोनांना पुढे लॉलिपॉप आणि मार्शमेलो, म्हणजे अँड्रॉइड ५ आणि ६, मिळालेही. पण तेव्हाचे गिऱ्हाईक दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारायचे. अपडेट किती वर्षे मिळतील हे विचारत कोण होते? ज्या गोष्टीची कुणी किंमत मोजत नाही ती दुकानदारही काउंटरवर मांडत नाही.

सुधारणा वरच्या बाजूने, म्हणजे खुद्द अँड्रॉइडच्या रचनेत झाली. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर 'प्रोजेक्ट ट्रेबल' आला. त्याने चिपवाल्याचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग यांच्यात पक्की भिंत घातली, म्हणजे वरचा भाग बदलताना दर वेळी खालचा उसवायला नको. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर 'मेनलाइन' आला. अँड्रॉइडचे काही भाग सुटे करून गूगलने ते प्ले स्टोअरच्या वाटेने परस्पर बदलायला सुरुवात केली. तुमच्या फोनमधली ती दुसरी, अलीकडची तारीख इथून येते. फोनवाल्याने हात झटकले तरी गूगल खिडकीतून थोडेफार सामान आत टाकत राहते. वापरात नसलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोय अँड्रॉइड ११ मध्ये आली होती. डिसेंबर २०२१ पासून ती अशीच परस्पर, गूगल प्ले सर्व्हिसेसमधून, मागे अँड्रॉइड ६ पर्यंतच्या जुन्या फोनांना देण्यात आली. कर्नल, मोडेम, चिपचे ड्रायव्हर इथपर्यंत मात्र या वाटेने पोचता येत नाही.

आता बँकेचा प्रश्न. ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट काढायला सुरुवात केली, त्यामागे 'स्टेजफ्राइट' नावाचे प्रकरण होते. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ उलगडणाऱ्या भागात भोक होते. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज आला, तुम्ही तो उघडला नाही, तरी फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. हे भोक शोधणाऱ्या कंपनीच्या अंदाजाने सुमारे ९५ कोटी फोनांना त्याचा धोका होता. म्हणजे मालकाने काहीही चूक न करता फोन फुटू शकतो आणि अशा वेळी पॅचची तारीख सोडून दुसरे काही वाचवत नाही.

पण आपल्याकडे लोकांची खाती साफ होतात ती बहुतांशी अशा हुशार हल्ल्यांनी नव्हे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहतूक पोलिसांचे चलान म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, येते, माणूस ती उघडतो, विचारेल त्या परवानग्या देतो आणि फोनवर येणारे ओटीपी भलत्याच्या हाती जातात. कालच घेतलेल्या फोनवरही हे होते. तरी नव्या आवृत्तीचा इथे एक फायदा सांगायलाच हवा. असली ॲप 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतात, कारण ती मिळाली की पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून, प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येऊ नये म्हणून मध्ये एक अडसर घातला आहे. भामटे त्यालाही वळसा घालायच्या वाटा शोधतातच, पण अँड्रॉइड ११ वर तो अडसर मुळात नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. पॅचची तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर पेन्शनचे मुख्य खाते या फोनवरून काढा. भाजी-रिक्षासाठी यूपीआय हवेच असेल तर दुसऱ्या, थोडी रक्कम ठेवलेल्या खात्यावर ते चालवा. फोनचे बाकीचे काम, म्हणजे बोलणे, फोटो, भजने, बातम्या, निर्धास्त चालू द्या. प्ले स्टोअरच्या बाहेरचे काही टाकू नका आणि क्रोम ब्राउझर अद्ययावत ठेवा. २०२५ च्या उत्तरार्धापासून नव्या क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागते, तेव्हा तुमचा फोन तूर्त एका पायरीने वर आहे. व्हॉट्सॲप तर २०२५ च्या आरंभी किटकॅट सोडून अँड्रॉइड ५ वर आले, त्यामुळे त्याची काळजी तूर्त नको. जुना फोन शेवटी बंद पडतो तो बहुधा असा : यंत्र ठणठणीत असते, एकेक ॲप मात्र 'तुमच्या फोनवर चालत नाही' म्हणू लागते.

अपडेटने फोन मंद होतो का? काही वेळा होतो आणि ते निव्वळ लोकांच्या मनाचे खेळ नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने सॅमसंगला ५० लाख युरो आणि ॲपलला एक कोटी युरो दंड केला. सॅमसंगने नव्या नोट ७ च्या बेताचे सॉफ्टवेअर जुन्या नोट ४ वर घ्यायला लोकांना भाग पाडले, तर ॲपलने आयओएस १० आयफोन ६ वाल्यांच्या गळ्यात मारले आणि फोन अडखळू लागले, असा ठपका होता. थकलेल्या बॅटरीचे आयफोन आपण सॉफ्टवेअरने हळू करतो हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले होते. बॅटरीला एकदम ताण येऊन फोन अचानक बंद पडू नये म्हणून ते केले, हा खुलासा तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखा आहे. गिऱ्हाइकाला न सांगता केले हे पटण्यासारखे नाही, आणि फ्रान्सने २०२० मध्ये २.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला तो न सांगितल्याबद्दलच. तरीही मासिक सुरक्षा पॅच आणि पूर्ण नवी आवृत्ती यांत फरक करा. पॅच छोटे असतात, त्यांनी फोन मंद होण्याचे फारसे कारण नसते, ते डोळे झाकून घ्या. नवी आवृत्ती कमी मेमरीच्या फोनवर आली असेल तर चार लोकांचा अनुभव कळेपर्यंत पंधरा दिवस थांबलात तरी काही बिघडत नाही.

नवा फोन घेताना दिवस आता बरे आले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षे अपडेट जाहीर केली, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेवढीच. हे महागडे फोन झाले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात वीस हजारांच्या आत मिळणाऱ्या गॅलेक्सी ए१६ ५जी लाही सहा वर्षांचे वचन मिळाले आणि माझ्या मते सामान्य घरासाठी ती बातमी जास्त मोठी होती. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच आला : कंपनी जी अपडेट काढेल ती त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे फुकट मिळाली पाहिजेत. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल काढले, दुरुस्तीच्या हक्काची चर्चाही सुरू झाली. सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळायचे याचे बंधन मात्र आपल्याकडे अजून नाही.

बंधन नसल्यामुळे एक मेख लक्षात ठेवावी लागते. कंपनी 'चार वर्षे अपडेट' म्हणते ती बहुधा मॉडेल बाजारात पहिल्यांदा आले त्या महिन्यापासून मोजलेली असतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दुधाच्या पिशवीवरची तारीखही तुम्ही पिशवी घरी कधी आणली ते विचारत नाही, तसेच हे. दिवाळीच्या सेलमध्ये सहा हजारांनी उतरलेला झकास फोन अनेकदा दोन वर्षांपूर्वीचा असतो, म्हणजे चारांतली दोन वर्षे दुकानाच्या फळीवरच गेली. बाई, तुमच्या २०२० च्या फोनचेही असेच काही झाले असणे अगदी शक्य आहे. म्हणून दुकानदाराला मेगापिक्सेल विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा : हे मॉडेल कधी आले, सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार आणि ती दर महिन्याला येतात की तीन महिन्यांनी. खोक्यावर बघून सांगतो असे तो म्हणाला तर सावध राहा. खोक्यावर महिना आणि वर्ष छापलेले असते खरे, पण ते तो नग कारखान्यात तयार झाल्याचे. मॉडेल केव्हा आले, ते कंपनीच्या वेबसाइटवरच शोधावे लागते.